जपानी टेहळणी विमानाचा इतिहास कसा लिहावा : मित्सुबिशी ‘की-४६’च्या निमित्ताने

सोलापुरातील शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत, वाचनालयांच्या व्याख्यानांत किंवा छोट्या प्रतिकृती जोडणाऱ्यांच्या टेबलावर दुसऱ्या महायुद्धातील जपानी विमान आलेच, तर ते बहुधा ‘झीरो’ हे लढाऊ विमान असते. टेहळणी विमानाकडे सहसा कोणी वळत नाही, कारण त्याने पाडलेल्या विमानांची यादी नसते आणि त्याच्या नावावर एखादी गाजलेली लढाईही नसते. तरीही एखाद्या सैन्याने काय योजले होते आणि शत्रूबद्दल त्याला काय कळत होते, हे समजून घ्यायचे असेल, तर टेहळणी विमानाचा इतिहास लढाऊ विमानापेक्षा अधिक उपयोगी पडतो. असा इतिहास भित्तिफलकासाठी, भाषणासाठी किंवा लेखासाठी कसा जुळवावा, हे येथे मित्सुबिशी कंपनीच्या ‘की-४६’ या विमानाच्या आधारे सांगितले आहे. हीच पद्धत दुसऱ्या कोणत्याही विमानाला लावता येईल; मात्र पहिल्या खेपेस एकच विमान घ्यावे आणि ‘जपानी टेहळणी विमाने’ असा ऐसपैस विषय टाळावा, कारण त्यात प्रत्येक विमानाच्या वाट्याला चार ओळी येतात आणि त्या चारही ओळी इतरांनी आधीच लिहिलेल्या असतात.

मागणीपत्रापासून सुरुवात

विमानाचा इतिहास पहिल्या उड्डाणापासून सुरू करण्याची पद्धत रूढ आहे. ती सोडून मागणीपत्रापासून सुरुवात करावी, कारण सैन्याने नेमके काय मागितले होते हे ठाऊक नसेल, तर पुढे मिळालेले विमान चांगले होते की अपुरे, हे ठरवण्यास काहीच आधार राहत नाही.

‘की-४६’च्या बाबतीत हा आधार स्पष्ट आहे. जपानी भूदलाच्या हवाई मुख्यालयाने १२ डिसेंबर १९३७ रोजी मित्सुबिशीकडे लांब पल्ल्याच्या टेहळणी विमानाची मागणी नोंदवली. ४,००० मीटर उंचीवर ताशी ६०० किलोमीटर वेग, ४,००० ते ६,००० मीटर उंचीवर ताशी ४०० किलोमीटर वेगाने सहा तास उडत राहण्याची क्षमता आणि मागच्या बाजूस रोखलेली ७.७ मिलिमीटरची एकच मशीनगन, एवढ्याच तिच्या मुख्य अटी होत्या. वजन किती असावे, इंजिन एक असावे की दोन, यावर बंधन नव्हते. वही उघडून या अटी पहिल्या पानावर, एकेका ओळीत लिहून ठेवाव्यात. सहा तासांना ताशी ४०० किलोमीटरने गुणले की २,४०० किलोमीटर येतात. हा आकडा मागणीपत्रात लिहिलेला नाही, पण तो त्यात दडलेला आहे, आणि पुढे विमानाचा पल्ला तपासताना तो उपयोगी पडणार आहे.

अशी मागणी का झाली, हे लगेच खाली लिहावे. जुलै १९३७ मध्ये चीनवर पूर्ण आक्रमण सुरू झाले होते आणि एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात आघाडीच्या पाचशे-सहाशे किलोमीटर मागे काय चालले आहे, हे सेनापतींच्या मुख्यालयाला पाहायचे होते. आघाडीवरच्या तोफखान्याला मदत करणारी टेहळणी ही एक गोष्ट झाली आणि मुख्यालयासाठी दूरवर केलेली टेहळणी ही दुसरी. जपानी भूदलाने या दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र विमान ठेवण्याचा विचार इतर अनेक देशांच्या आधी केला, हे त्यांच्या खात्यावर मांडले पाहिजे. त्या कामासाठी त्यांच्याकडे त्या वेळी ‘की-१५’ हे एका इंजिनाचे, न मिटणाऱ्या चाकांचे विमान होते. त्याचा कमाल वेग ताशी सुमारे ४८० किलोमीटर होता.

या आधीच्या विमानावर एक परिच्छेद खर्च करणे योग्य ठरते, कारण त्याचा एक धागा भारतातून गेलेला आहे. ‘की-१५’च्या चाचणीसाठी बांधलेल्या दुसऱ्या विमानास ‘कामिकाझे’ हे नाव देऊन ‘असाही शिंबुन’ या वृत्तपत्राने तो एप्रिल १९३७ मध्ये सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने तोक्योजवळच्या ताचिकावाहून लंडनला पाठवला. वैमानिक मासाआकी इइनुमा आणि मार्गदर्शक केंजी त्सुकागोशी यांनी तैवान, हनोई, कलकत्ता, कराची, बगदाद, अथेन्स, रोम, पॅरिस अशा मार्गाने ६ ते ९ एप्रिल या काळात हा प्रवास पुरा केला. प्रत्यक्ष उड्डाणाची वेळ ५१ तास १७ मिनिटे २३ सेकंद भरली. वृत्तपत्राचे म्हणून मिरवलेले हे विमान आणि चीनवर छायाचित्रे घेत फिरणारे सैनिकी विमान एकाच जातीचे होते. येथे ‘कामिकाझे’ या नावामुळे वाचकाच्या मनात १९४४-४५ मधील आत्मघाती हल्ले उभे राहतात. त्यांचा या प्रवासाशी संबंध नाही, हे फलकावर एका वाक्यात नमूद करावे.

नावे आणि साले यांचा घोळ आधीच सोडवावा

जपानी विमानाला बहुतेक वेळा तीन नावे असतात आणि तिन्ही नावांनी लिहिलेला मजकूर हाती येतो. म्हणून वहीच्या दुसऱ्या पानावर नावांचा तक्ता करावा. ‘की-४६’ हा भूदलाच्या विमानांना दिला जाणारा अनुक्रम आहे. ‘प्रकार १०० मुख्यालयीन टेहळणी विमान’ हे सैन्यात स्वीकारताना दिलेले अधिकृत नाव आहे. जपानी सैनिक त्याला थोडक्यात ‘शिन्-शितेई’ म्हणत. ‘डायना’ हे तिसरे नाव दोस्त राष्ट्रांनी ठेवले. जपानी नावे उच्चारायला आणि लक्षात ठेवायला अवघड जातात, म्हणून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या एका अमेरिकी गुप्तवार्ता पथकाने जपानी विमानांना साधी इंग्रजी नावे देण्यास सुरुवात केली. लढाऊ विमानांना पुरुषांची आणि बॉम्बफेकी व टेहळणी विमानांना स्त्रियांची, अशी त्यांची सर्वसाधारण वाटणी होती. ‘की-१५’ला त्यांनी ‘बॅब्ज’ म्हटले.

‘प्रकार १००’ मधील शंभर हा आकडा पाहून अनेक जण शंभरावे विमान किंवा शंभरावा आराखडा असा अर्थ लावतात. तो चूक आहे. जपानी सम्राटवंशाच्या परंपरागत कालगणनेत इसवी सनाहून ६६० वर्षे अधिक धरतात, म्हणून १९४० हे त्यांचे २६०० वे वर्ष झाले आणि त्या वर्षीचे विमान भूदलाने ‘१००’ म्हणून नोंदवले. त्याच वर्षासाठी नौदलाने ‘०’ हा आकडा वापरला, आणि त्यातूनच ‘झीरो’ हे नाव आले. आपल्याकडे पंचांगात शकाचा आकडा इसवी सनापेक्षा ७८ ने कमी दिसतो, त्याच जातीची ही वजाबाकी-बेरीज आहे. सोलापूरच्या श्रोत्यांना ती एका मिनिटात पटते. ‘की-१५’ हे ‘प्रकार ९७’ होते, यावरून ते १९३७ मध्ये स्वीकारले गेले, हेही वाचकाला स्वतःच काढता येते.

प्रत्येक तारखेपुढे घटना लिहावी

एकाच विमानाबद्दल एके ठिकाणी १९३७, दुसरीकडे १९३९ आणि तिसरीकडे १९४१ असे साल दिलेले सापडते, तेव्हा कोणीतरी चुकले आहे असे समजून एक साल खोडण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा तिन्ही साले बरोबर असतात आणि ती वेगवेगळ्या घटनांची असतात. मागणी, आराखडा, पहिले उड्डाण, स्वीकार, कारखान्यातील नियमित उत्पादन, तुकडीत दाखल होणे आणि पहिली मोहीम हे सर्व टप्पे वेगळे आहेत. नुसती तारीख लिहिलेला फलक अपुरा समजावा.

या रीतीने मांडले, तर ‘की-४६’ची कथा स्वच्छ दिसते. मागणी डिसेंबर १९३७ मध्ये झाली. तोमिओ कुबो आणि जोजी हात्तोरी यांनी आराखड्याचे काम केले आणि तोक्यो विद्यापीठाच्या वैमानिकी संशोधन संस्थेने त्यांना साह्य केले. इंजिनांवरील आवरणे हवेचा अवरोध कमी करतील आणि वैमानिकाच्या नजरेआडही येणार नाहीत, असा आकार त्या संस्थेत शोधला गेला. सडपातळ धड, पातळ पंख, मिटणारी चाके आणि दोन इंजिने असे रूप ठरले. वैमानिक पुढे, निरीक्षक मागे आणि दोघांच्या मध्ये इंधनाची मोठी टाकी. पहिले उड्डाण नोव्हेंबर १९३९ मध्ये नागोयाच्या उत्तरेस कागामिगाहारा येथील धावपट्टीवरून झाले. तेथे कमाल वेग ताशी ५४० किलोमीटर भरला, म्हणजे मागणीपेक्षा ६० किलोमीटरने कमी.

याच कागामिगाहाराबद्दल एक गोष्ट हमखास वाचायला मिळते. मित्सुबिशीच्या नागोया येथील कारखान्याला लगतची धावपट्टी नव्हती, म्हणून १९३९ मध्ये ‘झीरो’च्या पहिल्या नमुन्याचे भाग बैलगाड्यांवर लादून तेथे नेले होते. गोष्ट खरी आहे आणि ऐकणाऱ्याला आवडतेही, पण ती ‘झीरो’ची आहे. कारखाना तोच आणि वर्षही तेच, म्हणून ती ‘की-४६’च्या इतिहासात उचलून ठेवण्याचा मोह आवरावा.

मागणीपेक्षा ६० किलोमीटर कमी वेग असूनही भूदलाने हे विमान स्वीकारले, याचे कारण शोधणे हे या संपूर्ण अभ्यासातील सर्वांत फलदायी काम आहे. त्या क्षणी जपानकडे असलेल्या नव्या लढाऊ विमानांपेक्षाही ते वेगवान होते. शिवाय उणीव इंजिनात होती, विमानाच्या अंगात नव्हती. अधिक शक्तीचे इंजिन मिळताच वेग वाढणार हे दिसत होते. तसेच झाले. सुमारे ९०० अश्वशक्तीच्या इंजिनाऐवजी १,०८० अश्वशक्तीची, दोन वेगांच्या सुपरचार्जरची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची) ‘हा-१०२’ इंजिने बसवून केलेला दुसरा नमुना मार्च १९४१ मध्ये उडाला आणि ५,८०० मीटरवर त्याने ताशी ६०४ किलोमीटर वेग गाठला. म्हणजे मागणीपत्रातील ६०० हा आकडा तीन वर्षे तीन महिन्यांनी पुरा झाला, तोही मागितलेल्या उंचीपेक्षा १,८०० मीटर वर. त्याच दुसऱ्या नमुन्याचा पल्ला २,४७४ किलोमीटर दिला जातो. पहिल्या पानावरील २,४०० शी तो ताडून पाहावा.

अडचणीही लिहाव्यात. पहिल्या नमुन्यात उष्ण हवेत इंधनाची वाफ नळीत अडकून इंजिन अडखळत असे, चाकांचा सांगाडा कमकुवत होता आणि उंचीवरील प्राणवायूच्या व्यवस्थेबद्दल तक्रारी होत्या. वाफेच्या त्रासावर अधिक ऑक्टेनचे इंधन वापरून उपाय करण्यात आला. याहून मोठी किंमत मात्र आराखड्यातच मोजलेली होती. वेगासाठी वजन वाचवायचे, तर वैमानिकामागचे चिलखत आणि गोळी लागल्यावर आपोआप बुजणारी टाकी यांना जागा उरत नव्हती. वेग हेच चिलखत, असा तो हिशेब होता आणि शत्रूचे विमान मागे पडत होते तोवर तो चुकलाही नाही.

आकड्याला उंची, वारा आणि दिशा जोडून घ्यावी

वेगाचा आकडा उंचीशिवाय लिहू नये. ५४० किलोमीटर हा वेग ४,००० मीटरच्या आसपासचा आहे, ६०४ हा ५,८०० मीटरवरचा, आणि १,५०० अश्वशक्तीची, थेट इंधन फवारणीची इंजिने बसवलेल्या तिसऱ्या नमुन्याचा ६३० हा वेग ६,००० मीटरवरचा. नुसते ५४०, ६०४, ६३० असे एकाखाली एक लिहिले, तर वाचकाला ते एकाच शर्यतीतील निकाल वाटतात.

फेब्रुवारी १९४५ मधील एक उड्डाण या दृष्टीने चांगला धडा देते. टर्बो-सुपरचार्जर (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर चालणारा सुपरचार्जर) बसवलेल्या चौथ्या नमुन्याची दोन विमाने बीजिंगहून तोक्योजवळच्या फुस्सा धावपट्टीवर आली. २,३०० किलोमीटर अंतर त्यांनी ३ तास १५ मिनिटांत कापले, म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे ७०० किलोमीटर. प्रथम भागाकार स्वतः करून पाहावा : २,३०० भागिले ३.२५ बरोबर सुमारे ७०८, तेव्हा आकडे एकमेकांशी जुळतात. त्यानंतर पाठीमागून जोराचा वारा होता, हे त्याच वाक्यात लिहावे. हा जमिनीवरून मोजलेला वेग आहे, विमानाचा स्वतःचा वेग नाही. पाठीवरच्या वाऱ्याचा उल्लेख गाळून ‘ताशी ७०० किलोमीटर वेगाचे विमान’ असे छापले, तर आकडा खरा असूनही विधान खोटे होते.

पल्ल्याच्या आकड्यातही अशीच गफलत होते, आणि ती उलगडण्यासाठी सोलापूर हा फार चांगला बिंदू आहे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि पुढे ब्रह्मदेशातील तळांवरून ‘की-४६’ विमाने बंगाल-आसामच्या दिशेने येऊ लागली. शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, रंगूनवर दोऱ्याचे एक टोक धरावे आणि गोलाच्या प्रमाणानुसार अंतरे मोजावीत. सपाट नकाशापेक्षा गोलावर हे काम बरे होते. रंगून ते कलकत्ता सरळ रेषेत सुमारे १,०४० किलोमीटर भरते. विमानाला परत यायचे असते, म्हणून २,४७४ किलोमीटर पल्ल्याची त्रिज्या फार तर १,२३७ किलोमीटर. त्यातून उंचीवर चढण्याचे इंधन, उलटा वारा आणि पाठलाग झाल्यास लागणारी जादा धाव वजा करावी लागते. तरी कलकत्ता आवाक्यात बसते. रंगून ते सोलापूर अंतर मात्र सुमारे २,१५० किलोमीटर आहे. तिसऱ्या नमुन्याचा पल्ला ४,००० किलोमीटर मानला, तरी जाऊन-येऊन होणारे ४,३०० त्यात मावत नाहीत. रंगूनहून निघालेले हे विमान सोलापूरवरून फिरून परत जाऊ शकत नव्हते, एवढे विधान या मोजणीवरून करता येते.

याच्या उलट दिशेने मात्र जाऊ नये. वर्तुळाच्या आत गाव आले, म्हणजे त्या गावावरून विमान उडाले असे होत नाही. वर्तुळ आवाका सांगते. उड्डाण झाले की नाही, हे कागदपत्रांनीच सांगितले पाहिजे. आपल्या गावाचे नाव इतिहासात यावे अशी इच्छा प्रत्येकाला असते आणि ही चूक नेमकी तेथेच होते.

समोरच्या बाजूचे कागद

टेहळणी विमानाचे यश म्हणजे कोणालाही न दिसता परत येणे. साहजिकच शत्रूच्या नोंदीत ते दिसते तेव्हा बहुधा काहीतरी बिनसलेले असते. दुसरीकडे, ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या सुमारास जपानी सैन्याने आपली असंख्य कागदपत्रे जाळून टाकली. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवल्याखेरीज या विमानाचा इतिहास उभा राहत नाही. जपानी बाजूसाठी त्या देशाचे आशियाई ऐतिहासिक नोंदींचे केंद्र महाजालावर विनामूल्य खुले आहे. ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकाचा संग्रह आणि भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हेही घरबसल्या चाळता येतात. ब्रिटिश हवाई दलाच्या स्क्वाड्रनांच्या (तुकड्यांच्या) दैनंदिन नोंदवह्या लंडनमधील क्यू येथील अभिलेखागारात आहेत.

या नोंदी वाचताना दोन ठिकाणे मध्यवर्ती धरावीत. पहिले ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचे डार्विन. तिमोर बेटावरून येणारी ‘डायना’ विमाने तेथे हल्ल्याआधी आणि हल्ल्यानंतर छायाचित्रे घेऊन जात. जानेवारी १९४३ मध्ये तेथे स्पिटफायर ही ब्रिटिश बनावटीची लढाऊ विमाने दाखल झाली आणि ६ फेब्रुवारी १९४३ रोजी त्यांनी मिळवलेला पहिला बळी ‘की-४६’च होता. १७ ऑगस्ट १९४३ या एकाच दिवशी डार्विनच्या परिसरात अशी चार विमाने पाडली गेली. वेगालाच चिलखत मानण्याचा हिशेब कोठे आणि केव्हा फसला, हे दाखवायला ही तारीख पुरेशी आहे.

दुसरे ठिकाण बंगाल. तेथील हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानांना उंचावरून जाणारी ‘डायना’ सहसा सापडत नसे. १९४३ च्या अखेरीस स्पिटफायर आल्यावर नोव्हेंबरमध्ये ती विमाने एकामागून एक पडू लागली. एवढ्यावरून जपानची बंगालवरील नजर मिटली, असा निष्कर्ष काढण्याची ओढ लागते. पण ५ डिसेंबर १९४३ रोजी कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर भरदिवसा जपानी बॉम्बफेक झाली, हे लक्षात ठेवावे. काही विमाने पडणे आणि टेहळणी बंद पडणे यांत फरक आहे.

दोन बाजूंचे कागद जुळवताना घड्याळाचा प्रश्न येतो आणि नवखा अभ्यासक येथे हमखास अडखळतो. जपानी सैन्य दूरच्या आघाड्यांवरही तोक्योची वेळ वापरत असे. भारतातील घड्याळे सप्टेंबर १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत नेहमीपेक्षा एक तास पुढे होती. त्यामुळे १९४३ मध्ये तोक्यो आणि भारत यांच्या वेळेत आजच्यासारखे साडेतीन नव्हे, तर अडीच तासांचे अंतर होते. जपानी नोंदीत दुपारी बाराला कलकत्त्यावर असलेले विमान भारतीय नोंदीत सकाळी साडेनऊला दिसले, तर ती दोन उड्डाणे नसून एकच असण्याची शक्यता आधी तपासावी.

पाडलेल्या विमानांच्या दाव्यांबद्दल थोडेच सांगणे पुरे आहे : दावा हा दावा म्हणून लिहावा, आणि दुसऱ्या बाजूच्या नोंदीत ते विमान परतले नाही असे दिसले तरच ‘पाडले’ हे क्रियापद वापरावे.

डॉ. कोटणीस आणि एक टाळण्याजोगी जोड

सोलापुरात या विषयावर बोलताना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव निघणार, आणि ते निघणे योग्यच आहे. १९१० मध्ये येथे जन्मलेले, भारतीय वैद्यकीय पथकातून सप्टेंबर १९३८ मध्ये चीनला पोहोचलेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निधन पावलेले डॉक्टर हा या शहराचा त्या युद्धाशी असलेला सर्वांत जवळचा दुवा आहे. भैय्या चौकातील त्यांचे स्मारक पाहून आलेल्या विद्यार्थ्याला चीन-जपान युद्ध वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून पार्श्वभूमी सांगणाऱ्या पहिल्या फलकावर त्यांचा उल्लेख अवश्य करावा.

पण कालक्रम पाळावा. डॉ. कोटणीस चीनला पोहोचले तेव्हा ‘की-४६’ कागदावर होते. चीनच्या आकाशात त्या वर्षांत मुख्यालयीन टेहळणी करत होते ते ‘की-१५’, आणि ‘की-४६’ची पहिली विमाने मांचुरिया व चीनमधील स्वतंत्र तुकड्यांत पोहोचली ती १९४१ मध्ये. डॉ. कोटणीस यांच्या रुग्णालयावरून अमुक विमान गेले, असे लिहिण्यास तारीख, तुकडी आणि ठिकाण यांची नोंद हाती असायला हवी. ती नसताना चित्रात डोंगराळ चीन, खाली रुग्णालय आणि वर ‘डायना’ असे दाखवणे हा सजावटीचा भाग होईल. असले चित्र काढायचेच असेल, तर ते इतिहासाच्या फलकावर लावू नये.

कामाबाहेरचे काम

१९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ ही बॉम्बफेकी विमाने प्रशांत महासागरातील मारियाना बेटांवरून जपानवर येऊ लागली. त्या उंचीवर वेळेत पोहोचणारी विमाने जपानकडे थोडी होती, म्हणून तिसऱ्या नमुन्याच्या काही विमानांच्या नाकात २० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि धडात तिरकी वर रोखलेली ३७ मिलिमीटरची एक तोफ बसवून त्यांचे लढाऊ विमान करण्यात आले. परिणाम बेताचाच झाला. वर चढण्याचा वेग कमी, संरक्षण जवळपास नाही, अशा विमानाकडून बॉम्बफेकी विमानांच्या गोळीबारात तग धरण्याची अपेक्षा करणे मुळातच चुकीचे होते. या भागाला फलकावर फार जागा देऊ नये. तोफांमुळे तो आकर्षक दिसतो, पण या विमानाचे खरे काम त्यात नाही. त्याच काळात तिसऱ्या नमुन्याची साधी टेहळणी विमाने इवो जिमा बेटामार्गे मारियाना बेटांवरील बी-२९ च्या तळांची छायाचित्रे आणत होती, ते अधिक महत्त्वाचे.

उत्पादन, उरलेले विमान आणि प्रतिकृती

उत्पादनाचे आकडे घेताना बेरीज करण्याची सवय लावून घ्यावी. पहिल्या नमुन्याची ३४, दुसऱ्याची १,०९३, तिसऱ्याची ६११ आणि चौथ्याची ४ मिळून १,७४२ विमाने होतात. एखाद्या ठिकाणी एकूण आकडा वेगळा दिसला, तर नमुनानिहाय आकड्यांत फरक कोठे आहे ते पाहावे. चाचणीचे नमुने धरले आहेत की नाहीत, यावर तो बहुधा अवलंबून असतो. उत्पादन का मंदावले, हे सांगताना बॉम्बफेकीबरोबरच ७ डिसेंबर १९४४ च्या भूकंपाचाही उल्लेख करावा. त्या भूकंपाने नागोया परिसरातील विमानकारखान्यांची मोठी हानी केली आणि त्यानंतर आठवड्याभरात, १३ डिसेंबरला, मित्सुबिशीच्या तेथील इंजिन कारखान्यावर बी-२९ विमानांचा हल्ला झाला.

१,७४२ पैकी एकच पूर्ण विमान आज शिल्लक आहे. तिसऱ्या नमुन्याचे, ५४३९ क्रमांकाचे हे विमान युद्धानंतर मलायात ब्रिटिशांच्या ताब्यात आले, १९४६ मध्ये ब्रिटनला नेण्यात आले आणि आता ते तेथील रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात आहे. रंगीत छायाचित्र हवे असेल, तर फिरून फिरून याच विमानाचे मिळते. म्हणून १९४१ किंवा १९४३ मधील प्रसंगाशेजारी ते लावताना चित्राखाली ‘तिसरा नमुना’ असे लिहावे, कारण त्या प्रसंगांत उडालेली विमाने बहुतांशी दुसऱ्या नमुन्याची होती. फरक डोळ्यांनी ओळखता येतो. पहिल्या व दुसऱ्या नमुन्यात नाक आणि वैमानिकापुढील काच यांच्यामध्ये पायरी दिसते. तिसऱ्यात नाकाच्या टोकापासून वैमानिकाच्या डोक्यापर्यंत काच एकाच सलग वळणाने जाते. तोफा बसवलेल्या लढाऊ रूपात मात्र ती पायरी पुन्हा आली, तेव्हा केवळ पायरी पाहून निर्णय देऊ नये, नाकातील तोफाही पाहाव्यात.

प्रतिकृती ठेवायची असेल, तर १:७२ हे प्रमाण टेबलावरील मांडणीस सोयीचे आहे. १४.७ मीटरचा पंखविस्तार त्या प्रमाणात २०.४ सेंटिमीटर होतो आणि ११ मीटरची लांबी १५.३ सेंटिमीटर. प्रतिकृती कोणत्या नमुन्याची आहे ते खोक्यावर पाहून घ्यावे आणि फलकावरील कथा त्याच नमुन्याच्या काळाची ठेवावी. डार्विन व बंगालची १९४३ ची हकिगत सांगायची आणि टेबलावर सलग काचेचे विमान ठेवायचे, ही विसंगती जाणकार प्रेक्षक पहिल्या नजरेत पकडतो.

मजकूर फ्लेक्सच्या दुकानात देण्यापूर्वी तो ज्याने वाचलेला नाही अशा माणसाकडून फक्त आकडे तपासून घ्यावेत : मागणी १९३७, उड्डाण १९३९, दुसरा नमुना १९४१, एकूण १,७४२. टंकलेखनात १९३९ चे १९९३ होणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि छापून आलेल्या फलकावर चिकटवलेली दुरुस्तीची पट्टी लांबूनही दिसते.